एन्व्हचे सिग्नलवाले ऑप्शन: दीड वर्षं रोज वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू एन्व्ह (env) या कमांडचा आहे, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दाखवणारी किंवा ते ठरवून पुढची कमांड सुरू करून देणारी, तीच जी निम्म्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बसलेली असते आणि जिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ग्नू कोअरयूटिल्स या मूलभूत कमांडच्या संचाच्या ८.३१ व्हर्जनमध्ये, म्हणजे २०१९ साली, हिच्यात सिग्नलसाठी (चालू प्रोग्रॅमला थांब, मर वगैरे सांगणाऱ्या सूचनांसाठी) चार ऑप्शन आले, डिफॉल्ट-सिग्नल, इग्नोर-सिग्नल, ब्लॉक-सिग्नल आणि लिस्ट-सिग्नल-हँडलिंग. मला ते कितीतरी उशिरा कळले आणि तोपर्यंत माझे तीन पूर्ण दिवस एका बगमध्ये गेले होते. शेल सेशनमध्ये कंट्रोल सी चालत नाही, ट्रॅप (सिग्नल आला की काय करायचं ते शेलला सांगणारी कमांड) लावला तरी काही होत नाही, पाइपलाइन भलत्याच एररवर मरते, असलं काही तुमच्या वाट्याला आलं असेल तर हे नीट वाचा.

आधी माझी केस सांगते. एक साधी बॅश स्क्रिप्ट, लॉगमधून काही ओळी शोधायच्या, सॉर्ट करायच्या आणि हेडने वरच्या दहा घ्यायच्या. पाइपफेल (पाइपलाइनमधली एकही कमांड फसली की सगळी फसली असं धरणारं सेटिंग) लावलेलं होतं, आणि हेडने दहा ओळी घेऊन पाइप बंद केला की मागचा प्रोग्रॅम सिगपाइपने, म्हणजे पाइपच्या पलीकडे वाचणारं कुणी नाही हे सांगणाऱ्या १३ नंबरच्या सिग्नलने मरतो, एक्झिट कोड १४१ येतो, म्हणजे १२८ अधिक १३, त्यामुळे १४१ आला तर चालेल असं मी स्क्रिप्टमध्येच लिहिलेलं होतं. सर्व्हरवर थेट एसएसएचने लॉगिन करून चालवली की एकदम व्यवस्थित. पण आमच्याकडे सर्व्हरवर सेशन उघडून देणारं एक अंतर्गत टूल आहे, त्यातून लॉगिन केलं की तीच स्क्रिप्ट, तोच सर्व्हर, तोच युजर, आणि तरी एक्झिट कोड २ आणि लॉगमध्ये ब्रोकन पाइपची एरर. शिवाय आमचा एक जुना रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅम होता जो लिहिताना एरर आली का हे बघतच नाही, तो तर पाइप बंद झाला तरी लिहीतच बसायचा, एक अख्खा कोअर खाऊन, आणि कुणीतरी टॉप उघडून बघेपर्यंत तसाच चालू.

मी काय काय तपासलं नाही! बॅशचं व्हर्जन, लोकेल, युलिमिट, पाथ. दोन्ही सेशनमध्ये एन्व्ह चालवून सगळे व्हेरिएबल फाइलमध्ये घेतले आणि ओळीला ओळ लावून डिफ केला, टर्मिनलच्या एका नावाशिवाय काहीही फरक नाही. आता वाटतं की उत्तर त्याच कमांडच्या दुसऱ्या ऑप्शनमध्ये होतं आणि मी व्हेरिएबल चाळत बसले होते.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला ट्रॅप डॅश पाइप लिहिलं, म्हणजे सिगपाइप पूर्वपदावर आण. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि फरकही शून्य. इथेच माझा दीड दिवस गेला कारण मला वाटलं हे लावूनही फरक नाही म्हणजे भानगड सिग्नलची नाहीच.

भानगड सिग्नलचीच होती. नियम असा आहे की फोर्क झालं, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढली, की त्या मुलाला आईबापाची सिग्नलची सगळी व्यवस्था जशीच्या तशी मिळते, आणि मग एक्झेक झालं, म्हणजे त्या प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम आला, की ज्या सिग्नलला हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं स्वतःचं फंक्शन) लावलेला होता तो परत डिफॉल्ट होतो, पण जो सिग्नल इग्नोर केलेला होता तो इग्नोरच राहतो. ब्लॉक केलेल्या, म्हणजे रोखून धरलेल्या सिग्नलची यादी म्हणजे मास्कही तसाच पुढे जातो. म्हणजे चार पिढ्या वर कुठल्या तरी प्रोग्रॅमने सिगपाइप इग्नोर केला असेल तर तो वारसा खाली तुमच्या स्क्रिप्टपर्यंत येतो आणि मधल्या कुणालाही त्याचा पत्ता नसतो. त्याच्यावर कडी म्हणजे पॉझिक्स हे युनिक्सचं स्टँडर्ड सांगतं की नॉन-इंटरॅक्टिव्ह शेल सुरू होतानाच जो सिग्नल इग्नोर होता तो त्या शेलला ट्रॅपही करता येत नाही आणि रिसेटही करता येत नाही, आणि केलाच प्रयत्न तर एरर द्यायची सक्ती नाही. बॅशच्या मॅन्युअलमध्ये ट्रॅप डॅशचा अर्थच असा दिलाय की शेलमध्ये शिरताना जे होतं ते परत आण. शिरताना इग्नोर होतं तर परत इग्नोरच येणार ना! मी हे वाक्य आधी दहा वेळा वाचलं असेल, पण अर्थ त्या दिवशी लागला.

आता एन्व्हकडे येते. मी त्या टूलच्या सेशनमध्ये एन्व्ह --लिस्ट-सिग्नल-हँडलिंग ट्रू एवढंच टाइप केलं. ट्रू ही काहीच न करणारी कमांड, तिला फक्त निमित्त म्हणून द्यायचं, कारण एन्व्ह पुढची कमांड सुरू करायच्या आधी यादी दाखवतो. दोन ओळी आल्या, पाइप कंसात १३ इग्नोर, आणि एक्सएफएसझेड, म्हणजे फाइल मर्यादेबाहेर वाढली की येणारा सिग्नल, कंसात २५ इग्नोर. बास! सरळ एसएसएचच्या सेशनमध्ये तीच कमांड दिली तर एकही ओळ नाही, म्हणजे सगळं डिफॉल्ट. तीन दिवसांचं कोडं दोन ओळींत सुटलं, मी खरंच खुर्चीवरून उठून दोन मिनिटं नुसती फिरत होते. आणि ही यादी स्टँडर्ड एररवर येते म्हणून पाइपलाइनच्या मध्ये घातली तरी डेटात मिसळत नाही, हे ज्याने कुणी ठरवलं त्याला मनापासून धन्यवाद.

ही १३ आणि २५ ची जोडी ओळखून ठेवा. पायथनचा इंटरप्रिटर सुरू होताना स्वतःसाठी सिगपाइप आणि सिगएक्सएफएसझेड हे दोन इग्नोर करतो, म्हणून ही जोडी एकत्र दिसली की वर कुठेतरी पायथन आहे हा माझा पहिला अंदाज असतो आणि आजवर चुकला नाहीये. सबप्रोसेस मॉड्यूलमधून कमांड चालवली तर पायथन ३.२ पासून मुलाला हे सिग्नल आपोआप पूर्ववत करून मिळतात, पण ओएस डॉट सिस्टिम, ओएसची एक्झेक घराण्यातली फंक्शन, पीटीवाय या आभासी टर्मिनलच्या मॉड्यूलने फोर्क करून शेल उघडणं, या वाटांनी गेलात तर कोणी पूर्ववत करत नाही. आमचं टूल नेमकं पीटीवायवालं निघालं. खात्री करून घ्यायची असेल तर पायथनमधून ओएस डॉट सिस्टिमने येस पाइप हेड डॅश १ चालवून बघा, एक वाय येईल आणि खाली येस: स्टँडर्ड आउटपुट: ब्रोकन पाइप असं येईल, जे चांगल्या शेलमध्ये कधीच दिसत नाही कारण तिथे येस गुपचूप मरतो. मी आता कुठल्याही नवीन सेशनमध्ये शंका आली की आधी येस पाइप हेड करून बघते, दोन सेकंदांची टेस्ट आहे.

लिस्ट झाली, आता दुरुस्ती. एन्व्ह --डिफॉल्ट-सिग्नल=पाइप आणि पुढे तुमची कमांड, एवढंच. शेलला जे करायला मनाई आहे ते एन्व्ह करू शकतो कारण तो शेल नाही, तो साधा प्रोग्रॅम आहे, स्वतःचा सिग्नल डिफॉल्ट करतो आणि मग तुमच्या कमांडला एक्झेक करतो. स्क्रिप्टसाठी माझी आवडती पद्धत म्हणजे पहिल्या ओळीतच यूएसआर बिन एन्व्ह, मग डॅश कॅपिटल एस, मग डिफॉल्ट-सिग्नल बरोबर पाइप, मग बॅश. डॅश एस लागतो कारण लिनक्स पहिल्या ओळीतला सगळा उरलेला भाग एकच आर्ग्युमेंट म्हणून देतो आणि डॅश एस त्याचे तुकडे करतो. एकदा हे लिहिलं की ती स्क्रिप्ट थेट नावाने कुठूनही चालवा, पायथनमधून चालवा, सर्व्हिसमधून चालवा, सारखीच वागते. फक्त कुणी बॅश आणि पुढे फाइलचं नाव असं चालवलं तर पहिली ओळ कॉमेंट म्हणून सोडून दिली जाते आणि तुम्ही परत मूळपदावर, हे टीममध्ये सगळ्यांना सांगून ठेवा.

चालू सेशनच बिघडलेलं असेल तर एक्झेक एन्व्ह --डिफॉल्ट-सिग्नल=पाइप,एक्सएफएसझेड बॅश. शेल जागच्या जागी बदलतो, डिरेक्टरी तीच राहते, एक्सपोर्ट केलेले व्हेरिएबल राहतात, पण एक्सपोर्ट न केलेले जातात, तात्पुरती लिहिलेली फंक्शन जातात आणि बॅकग्राउंडला टाकलेले जॉब नवीन शेलच्या यादीत दिसत नाहीत, तेव्हा काही चालू असेल तर आधी ते संपू द्या.

एक गोष्ट मात्र खटकते आणि तिचा मला त्रास झालाय. सिग्नलचं नाव बरोबरच्या चिन्हाने जोडूनच द्यावं लागतं. स्पेस देऊन डिफॉल्ट-सिग्नल पाइप असं लिहिलं तर एन्व्ह समजतो की सगळेच सिग्नल डिफॉल्ट करायचे आणि पाइप नावाची कमांड चालवायची, मग अशी फाइल नाही म्हणून एरर आणि एक्झिट कोड १२७. हे निदान लगेच दिसतं. पण नाव न देता नुसतं डिफॉल्ट-सिग्नल लिहिलं तर सगळे सिग्नल डिफॉल्ट होतात आणि ते जास्त घातक आहे. आमच्याच टीममध्ये एकाने रात्रभर चालणारं काम नोहपने सुरू केलं आणि आतल्या स्क्रिप्टमध्ये सरसकट डिफॉल्ट-सिग्नल लावलं. नोहपचं काम काय तर सिगहप, म्हणजे टर्मिनल तुटल्यावर येणारा सिग्नल, इग्नोर करून तो वारसा मुलाला देणं, आणि एन्व्हने तो वारसाच पुसून टाकला. लॅपटॉप बंद केला, कनेक्शन तुटलं, सिगहप आला आणि काम मध्यरात्री मेलं. वारशाने आलेलं सगळंच वाईट नसतं, नोहप तर पूर्ण त्याच्यावरच उभा आहे. म्हणून जे बिघडलंय त्याचंच नाव द्या, सरसकट कधीच नको.

आता कंट्रोल सी वाली दुसरी केस, कारण बहुतेक लोक हीच तक्रार घेऊन येतात. जॉब कंट्रोल (चालू कामं मागे-पुढे टाकायची सोय) नसलेल्या शेलमध्ये, म्हणजे थोडक्यात स्क्रिप्टमध्ये, एखादी कमांड अँपरसँड लावून बॅकग्राउंडला टाकली की शेल तिच्यासाठी सिगइंट (कंट्रोल सी ने येणारा) आणि सिगक्विट (कंट्रोल बॅकस्लॅशने येणारा) दोन्ही इग्नोर करून देतो. हा बग नाही, ठरवून ठेवलेला नियम आहे, टर्मिनलवर कंट्रोल सी दाबल्यावर मागची कामं मरू नयेत म्हणून. पण ती कमांड म्हणजेच एक स्क्रिप्ट असेल आणि तिच्यात ट्रॅप क्लीनअप इंट लिहिलेलं असेल तर तो ट्रॅप मुकाट्याने निकामी होतो. आमच्या एका कॉपी करणाऱ्या स्क्रिप्टचं हेच झालं, तात्पुरत्या फाइल पुसायचं फंक्शन सिगइंटच्या ट्रॅपवर होतं, किल डॅश इंट कितीही वेळा दिलं तरी ढिम्म, मग वैतागून किल डॅश ९ केलं आणि अर्धवट फाइल तशाच पडून राहिल्या. पायथनचा प्रोग्रॅम असला तरी तेच, सुरू होताना सिगइंट इग्नोर असेल तर पायथन स्वतःचा कीबोर्ड इंटरप्टवाला हँडलर लावतच नाही. उपाय दोन, एक तर क्लीनअप सिगटर्मवरही (किलचा नेहमीचा सिग्नल) लावा आणि थांबवताना टर्मच पाठवा, किंवा सुरू करतानाच डिफॉल्ट-सिग्नल बरोबर इंट,क्विट द्या. मी दोन्ही करते.

कंट्रोल सी चालत नाही म्हणून लगेच एन्व्हकडे धावू नका, आधी टर्मिनलची सेटिंग दाखवणारं एसटीटीवाय डॅश ए बघा. इंटरच्या पुढे कंट्रोल सी आहे का, आणि आयसिगच्या (कीबोर्डवरून सिग्नल तयार होऊ देणारं सेटिंग) आधी वजाचं चिन्ह तर नाही ना. मध्येच मेलेला एखादा फुल स्क्रीन प्रोग्रॅम टर्मिनल तसंच सोडून गेला की सिग्नल तयारच होत नाही, तिथे एसटीटीवाय सेन हे औषध आहे आणि एन्व्हचा काही उपयोग नाही.

एन्व्हची खरी मर्यादा ही आहे की तो फक्त स्वतः सुरू करतोय त्या कमांडचं सांगतो. आधीच चालू असलेल्या प्रोसेसचं काय, तर तिथे त्याला हात लावता येत नाही, ना बघता येतं ना बदलता येतं. बघण्यासाठी लिनक्सवर प्रॉक डिरेक्टरीमध्ये त्या पीआयडीची (प्रोसेसच्या नंबरची) स्टेटस फाइल उघडायची आणि सिगब्लॉक, सिगइग्न, सिगकॅट (ब्लॉक केलेले, इग्नोर केलेले, हँडलर लावलेले) या अर्थाच्या तीन ओळी वाचायच्या. ते १६ अंकी हेक्स आकडे बघून घाबरायला होतं पण वाचायला सोपे आहेत, उजवीकडून मोजायचं, पहिल्या अंकात १ ते ४ सिग्नल, दुसऱ्यात ५ ते ८, असं चार चार. उजवीकडून चौथ्या अंकात १ म्हणजे १३ नंबर, सिगपाइप. शेवटचा अंक ६ असेल तर २ आणि ३, म्हणजे इंट आणि क्विट, तो वरचा अँपरसँडवाला प्रकार. शेवटी १ असेल तर सिगहप, म्हणजे बहुतेक नोहप. आणि १००१००० दिसलं की आपली पायथनवाली जोडी.

यात एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः एकाला पडताना बघितलंय. डॉलर डॉलरने (म्हणजे शेलच्या स्वतःच्या पीआयडीने) शेलची स्वतःची स्टेटस फाइल बघितली तर इंटरॅक्टिव्ह बॅशमध्ये सिगइग्नला ३८४००४ असं काहीतरी दिसतं आणि माणूस ओरडतो की सापडलं सापडलं, इतके सिग्नल इग्नोर आहेत. ते बॅशचं नेहमीचं आहे, क्विट, टर्म आणि जॉब कंट्रोलचे तीन सिग्नल तो प्रॉम्प्टवर बसलेला असताना स्वतःपुरते इग्नोर करतो आणि बाहेरची कमांड सुरू करताना तिला ते देत नाही, तर स्वतःला आईबापाकडून जे मिळालं होतं तेच देतो. म्हणून शेलची फाइल नाही, त्याच्या मुलाची फाइल बघायची. सोपा मार्ग, ग्रेप सिग करून प्रॉक सेल्फ स्टेटस वाचा, तिथे सेल्फ म्हणजे खुद्द ग्रेप, आणि ग्रेपला जे मिळालं तेच तुमच्या बाकीच्या कमांडला मिळतं. एन्व्हची लिस्टही हेच दाखवते आणि तीही हेक्स न मोजता, म्हणून मला ती जास्त आवडते.

मूळ दोषी शोधायचा असेल तर पीएसट्री डॅश एसपीने वरची सगळी साखळी काढा आणि एकेका पूर्वजाची सिगइग्न ओळ बघत वर जा, ज्याच्यात तो बिट दिसतो पण त्याच्या वरच्या पूर्वजात दिसत नाही तिथे थांबा. सिगकॅटकडे बघायची गरज नाही, हँडलर एक्झेकच्या पलीकडे जात नाहीत. कधी कधी दोषी प्रोसेस केव्हाच संपून गेलेली असते आणि साखळी थेट १ नंबरला, म्हणजे सिस्टिमच्या पहिल्या प्रोसेसला, जोडलेली दिसते, मग मात्र ती कशी सुरू झाली हे माणसांनाच विचारावं लागतं.

सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या स्क्रिप्टबद्दल एक सांगायचंच राहिलं असतं. सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम, सर्व्हिस सुरू करताना सिगपाइप मुद्दाम इग्नोर करतो, इग्नोरसिगपाइप हे सेटिंग मुळातच चालू असतं. त्यामुळे हाताने चालवली तर ठीक आणि सर्व्हिसमध्ये टाकली की ब्रोकन पाइप, ही तक्रार आली की युनिट फाइलमध्ये (त्या सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ते सेटिंग नो करा, एन्व्हसुद्धा लागत नाही.

एन्व्हच्या आधी लोक पर्लची एक ओळ वापरायचे, सिगच्या हॅशमध्ये डिफॉल्ट लिहायचं आणि एक्झेक करायचं, ती अजूनही उत्तम चालते आणि जुन्या सर्व्हरवर, जिथे कोअरयूटिल्स ८.३१ च्या आधीचं आहे, तिथे मी तीच वापरते. मॅकच्या स्वतःच्या एन्व्हमध्ये आणि बिझीबॉक्सच्या (छोट्या सिस्टिमसाठीचा कमांडचा आटोपशीर संच) एन्व्हमध्ये हे ऑप्शन नाहीत, मॅकवर कोअरयूटिल्स वेगळं इन्स्टॉल केलं तर जीएन्व्ह नावाने मिळतं. छोट्या कंटेनरमध्ये बहुतेक वेळा बिझीबॉक्सच असतं आणि नेमकी तिथेच ही भानगड जास्त होते, यासाठी मी अर्धा स्टार कापतेय. आणखी एक, एन्व्ह बाहेरचा प्रोग्रॅम चालवतो, तुमच्या शेलमधलं फंक्शन किंवा एलियस त्याच्यापुढे लिहिलं तर त्याला ते सापडणार नाही.

पाचपैकी साडेचार. आमच्या टूलची दुरुस्ती शेवटी त्याच्याच कोडमध्ये झाली, फोर्क झाल्यावर आणि शेल एक्झेक करायच्या आधी दोन ओळी, सिगपाइप डिफॉल्ट आणि सिगएक्सएफएसझेड डिफॉल्ट. टूल सांभाळणाऱ्या टीमला मी फक्त दोन्ही सेशनमधली लिस्ट-सिग्नल-हँडलिंगची आउटपुट शेजारी शेजारी लावून पाठवली होती, एक रिकामी आणि एक दोन ओळींची, त्यांनी एकही प्रश्न न विचारता त्याच दुपारी बदल टाकला.